न तपासता केलेले निदान

बिहार किंवा कर्नाटकातल्या एखाद्या लहान शहरातला खासगी दवाखाना. एक गृहस्थ आत येतो आणि सांगतो, की त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत आहेत. मूल घरी आहे. समोरचा व्यवसायी दोनचार प्रश्न विचारतो, चिठ्ठीवर औषधे लिहितो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. चिठ्ठीवर पुष्कळ काही असते; बहुतेकदा नसते ते ओआरएस. गृहस्थ बाहेर पडतो आणि आत काय घडले त्याची तपशीलवार नोंद करतो, कारण तो कोणाचा बाप म्हणून आलेलाच नसतो. संशोधकांनी प्रशिक्षण देऊन पाठवलेला तो अभिनेता असतो.

झॅकरी वॅगनर, मनोज मोहनन, अर्णब मुखर्जी, नीरज सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन राज्यांतल्या २५३ शहरांतील २,२८२ खासगी व्यवसायींवर असा प्रयोग केला. २०२४ च्या फेब्रुवारीत तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांना एका जुन्या कोड्याचे उत्तर हवे होते. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्यावे हे बहुतेक सर्व व्यवसायींना ठाऊक असते. पदवी असलेल्यांना असते, नसलेल्यांनाही असते. ते स्वस्त आहे, सुरक्षित आहे, प्राण वाचवते. मग ते लिहिले का जात नाही?

कोणाही डॉक्टरला हा प्रश्न विचारला, की एक ठरलेले उत्तर मिळते: “अहो, रुग्णालाच ते नको असते. त्यांना सलाइन हवे असते, इंजेक्शन हवे असते, ‘पॉवरफुल’ गोळी हवी असते. मीठ-साखरेचे पाणी लिहून दिले, तर उद्या समोरच्या दवाखान्यात जातील.” हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने आणि इतक्या वर्षांपासून दिले जात आहे, की त्याला पुरावा मागावा असे क्वचितच कोणाला वाटले. या संशोधकांना तसे वाटले.

त्यांनी काही अभिनेत्यांना भ्रमणध्वनीवर ओआरएसच्या पाकिटाचे छायाचित्र देऊन पाठवले. ते दाखवून “हे द्यावे का?” एवढेच विचारायचे होते. बाकी सारा प्रसंग तोच, लक्षणे तीच, मूलही तितक्याच वयाचे. एवढ्या एका प्रश्नाने ओआरएस लिहिण्याचे प्रमाण २७ टक्के अंकांनी वाढले. काही दवाखान्यांना आणि दुकानांना ओआरएसचा साठा पुरवण्यात आला. तेथे वाढ झाली ७ टक्के अंकांची. काही अभिनेत्यांनी आधीच सांगितले, की औषधे ते दुसरीकडून विकत घेणार आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याला विक्रीतून काहीच मिळणार नाही. याचा सरासरी परिणाम शून्य निघाला; फरक पडला तो फक्त औषधाच्या दुकानांत. ओआरएस न लिहिण्यापैकी ४२ टक्के वाटा ‘रुग्णाला ते नको असते’ या समजुतीचा, ६ टक्के साठा नसण्याचा आणि ५ टक्के आर्थिक लाभाचा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. रुग्णाची इच्छा हे कारण खरेच होते, पण ती इच्छा कोणी विचारलीच नव्हती. डॉक्टरने ती गृहीत धरली होती. ज्या विद्येचा पहिला धडाच ‘आधी विचारा, मग तपासा, मग बोला’ असा आहे, त्या विद्येचा उपासक रोज समोर बसलेल्या माणसाच्या मनाचे निदान न विचारता, न तपासता करतो आणि त्या निदानावर उपचार लिहितो. छातीला नळी न लावता न्यूमोनिया ठरवणाऱ्या डॉक्टरला त्याचे सहव्यवसायी हसतील. रुग्णाच्या इच्छेचे असे निदान करणाऱ्याला मात्र ‘व्यवहारी’ म्हटले जाते.

पुराव्याधिष्ठित वैद्यक हा शब्द उच्चारला, की भारतातले अनेक अनुभवी डॉक्टर किंचित हसतात. ते परदेशी मार्गदर्शिकांचे शास्त्र आहे, इथल्या गर्दीत ते चालत नाही, असे त्यांना वाटते. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या पद्धतीची जी व्याख्या मांडली, तिच्यात संशोधनातला उत्तम पुरावा आणि डॉक्टरचा अनुभव यांच्याबरोबरच रुग्णाची इच्छा आणि पसंती यांचाही समावेश आहे. तेव्हा ‘आम्ही रुग्णाच्या इच्छेला मान देतो’ हे म्हणणे पुराव्याधिष्ठित वैद्यकाविरुद्धचा युक्तिवाद होऊ शकत नाही. ते त्या वैद्यकाचेच एक अंग आहे. अट एवढीच, की इच्छा आधी विचारलेली असावी.

आणि ओआरएसला परदेशी म्हणणे तर इतिहासाचे अज्ञान ठरेल. पटकीचे जंतू आतड्याला छिद्रे पाडत नाहीत, ते एक विष सोडतात आणि त्या विषामुळे शरीरातले पाणी आतड्यात ओतले जाते, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवले. ‘नेचर’मधला त्यांचा निबंध १९५९ सालचा आहे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी दुसरा दुवा मांडला: लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकातून, जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. पटकीचे विष या जोडवाहकाला धक्का लावत नाही. आतड्याचा एक दरवाजा पाणी बाहेर ओतत असताना दुसरा आत घेण्यासाठी उघडाच असतो. त्याला मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र मिळायला हवी. नुसते पाणी, नुसते मीठ किंवा नुसती साखर देऊन ते साधत नाही.

१९७१ साली हे शास्त्र बनगावच्या निर्वासित छावणीत कसाला लागले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लाखो माणसांत पटकी पसरली होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि शिरेत सुई लावता येईल अशी प्रशिक्षित माणसेही अपुरी होती. दिलीप महालनबिस यांनी कोलकात्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटे भरवली, पाण्यात कालवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिली. तीन हजारांहून अधिक रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्याआधी छावण्यांतून ते २० ते ३० टक्क्यांपर्यंत जात होते. ‘लॅन्सेट’ने १९७८ साली या उपचाराची गणना शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबिस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. देशाने शोधकर्त्याचा गौरव केला. शोध मात्र अजून चिठ्ठीवर यायचा आहे.

आता या आजाराचे निदान पाहू. बहुतेक मुलांत त्यासाठी ना रक्त लागते, ना शौचाची तपासणी, ना कोणते यंत्र. मूल शुद्धीवर आहे की मलूल पडले आहे? चिडचिड करते आहे का? डोळे खोल गेले आहेत का? पाणी पुढे केले तर अधाशासारखे पिते, की पिऊच शकत नाही? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच पूर्ववत होते, सावकाश होते, की दोन सेकंदांहून अधिक वेळ घेते? शौचातून रक्त पडते आहे का? जुलाबांना चौदा दिवस होऊन गेले आहेत का? या प्रश्नांच्या उत्तरांवरून शोष नाही, थोडा आहे, की तीव्र आहे, हे ठरते. अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रांच्या पातळीवर हेच शिकवले जाते. सारे मिळून दोनतीन मिनिटांचे काम आहे.

उपचारही तितकाच स्पष्ट आहे. शोष नसेल, तर घरी ओआरएस आणि नेहमीचे खाणे, अंगावरचे दूध चालूच. थोडा शोष असेल, तर वजनाच्या दर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस, चार तासांत, डॉक्टरांच्या नजरेसमोर. तीव्र शोष असेल, तर शिरेवाटे सलाइन आणि तेही विनाविलंब. तेथे ओआरएसचा हट्ट धरणे हा गुन्हा ठरेल. जोडीला जस्त. दिल्लीतल्या वस्त्यांतल्या मुलांवर सुनील साझावाल, महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी केलेला जस्ताचा प्रयोग १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला आणि जगाच्या मार्गदर्शिकांचा एक आधार बनला. सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, ही मात्रा त्यानंतर रूढ झाली. २०२० साली भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवरच्या चाचणीत दिसले, की ५ किंवा १० मिलिग्रॅमनेही काम भागते आणि उलट्या कमी होतात. पुरावा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नवी चाचणी आली, की मात्रा बदलते. ओआरएसचेही तसेच झाले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीव्रता ३११ वरून २४५ मिलीऑस्मोलवर आणली, कारण सौम्य द्रावण घेणाऱ्या मुलांत ऐनवेळी सलाइन लावण्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली होती.

प्रतिजैविकांचे काय? पटकीची शंका असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर त्यांना स्थान आहे. एरवी नाही. पाण्यासारख्या जुलाबांचे मोठे कारण विषाणू असतात आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. तरीही “कुपोषित, शोष पडलेल्या मुलांना द्यावेच ना?” हा प्रश्न रास्त होता, म्हणून तोही तपासला गेला. भारतासह सात देशांतल्या आठ हजारांहून अधिक अशा मुलांत अर्ध्यांना ॲझिथ्रोमायसिन आणि अर्ध्यांना निष्क्रिय औषध देण्यात आले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १८० दिवसांतल्या मृत्यूंत लक्षणीय फरक नाही. सलाइनबद्दल कॉक्रेनचा आढावा सांगतो, की जुलाब आणि शोष असलेल्या दर २५ मुलांना तोंडावाटे द्रव दिला, तर त्यांपैकी एखाद्याच मुलाला पुढे सलाइनची गरज पडते. उरलेल्या चोविसांच्या हाताला सुई टोचण्याचे कारण उरत नाही.

एवढे सगळे माहीत असूनही जुनी सवय टिकते, याचे एक कारण त्या सवयीला मिळणारे यश हेच आहे. विषाणूमुळे झालेले जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. दुसऱ्या दिवशी प्रतिजैविक सुरू केले आणि चौथ्या दिवशी मूल खेळू लागले, की श्रेय गोळीचे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि डॉक्टर तीस वर्षे कावळ्यावर प्रबंध लिहीत राहतो. याला ‘अनुभव’ म्हणतात. ज्या मुलांना गोळी दिली नाही, ती किती दिवसांत बरी झाली, हे या अनुभवाच्या वहीत कधी नोंदवलेलेच नसते. नियंत्रित चाचणी लागते ती नेमकी यासाठी. ती डॉक्टरच्या बुद्धीचा अपमान करीत नाही. कोणाही एका माणसाच्या डोळ्यांना जे दिसूच शकत नाही, ते ती दाखवते.

ओआरएसची अडचण नेमकी उलटी आहे. ते जुलाब थांबवत नाही. गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते. मूल वाचते, पण लंगोट ओलेच राहते. हे आईला आधी सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशी तिला वाटते, की औषध लागू पडले नाही. तेव्हा ‘रुग्ण ओआरएसवर नाराज होतात’ या तक्रारीत काही तथ्य असेलच, तर त्याचे मूळ न उच्चारलेल्या दोन वाक्यांत आहे: “हे दिल्यावरही जुलाब काही दिवस होतील. मूल सुकू नये म्हणून हे द्यायचे आहे.” ही वाक्ये उच्चारायला पाच-सात सेकंद पुरतात.

‘सायन्स’मधल्या प्रयोगाने आणखी एका सोयीस्कर समजुतीला धक्का दिला, आणि ती समजूत डॉक्टरांची नाही, त्यांच्या टीकाकारांची आहे. डॉक्टर पैशासाठी महागडी औषधे लिहितात, हे सर्वांचे आवडते स्पष्टीकरण. अनेक ठिकाणी ते खरेही असेल आणि औषधाच्या दुकानांबाबत तर प्रयोगातच ते खरे ठरले. पण एकंदरीत या आजारात आर्थिक लाभाचा वाटा ५ टक्के निघाला. लोभी डॉक्टर हा खलनायक सापडला, की समाज आपल्यापुरता मोकळा होतो. खरा दोष अधिक साधा आहे आणि म्हणूनच अधिक चीड आणणारा: शेकडो दवाखान्यांत बसलेली, बव्हंशी सद्हेतू असलेली माणसे एका अफवेवर विश्वास ठेवून मुलांवर उपचार करीत आहेत.

प्रामाणिकपणे हेही नोंदवायला हवे, की ४२, ६ आणि ५ यांची बेरीज ५३ होते. जवळजवळ अर्धी दरी या तीन कारणांनी भरत नाही. तिथे सवय असेल, गर्दी असेल, चुकल्यावर जाब विचारणारे कोणी नसणे असेल. त्याचा शोध अजून घ्यायचा आहे. पण उरलेले अर्धे अज्ञात आहे म्हणून हाती आलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष करणे याला शास्त्रीय सावधगिरी म्हणता येणार नाही.

रुग्णांना ओआरएस नको असते, या दाव्याविरुद्धचा सर्वांत बोलका साक्षीदार मात्र बाजारात उभा आहे. गेली अनेक वर्षे भारतात गोड पेये कागदी डब्यांतून, नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवत, औषधाच्या दुकानांतून विकली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम, या पेयांतल्या काहींत साखर त्याच्या कित्येक पट होती. जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्यात एवढी साखर गेली, की ती पाणी आत घेण्याऐवजी आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढा दिला. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ साली आधी मनाई केली, मग ‘हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र नव्हे’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर मोकळीक दिली आणि अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती मोकळीकही काढून घेतली. उत्पादकांपैकी काहींनी न्यायालयाचे दार ठोठावले.

इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. रुग्णांना ओआरएस नकोच असते, तर ती तीन अक्षरे आपल्या डब्यावर राहावीत म्हणून उत्पादक न्यायालयापर्यंत का गेले? बाजाराला ठाऊक होते, की आईबाप दुकानात येऊन ‘ओआरएस द्या’ म्हणतात. जे दुकानदाराला कळले, पेय विकणाऱ्याला कळले, ते फक्त दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंत पोहोचले नाही. आणि ती खुर्ची गप्प राहिली म्हणूनच खऱ्या पाकिटाची जागा खोट्या डब्याला घेता आली. डॉक्टरने चिठ्ठीवर ‘ओआरएस’ लिहून, पाकीट कोणते, लिटरभर पाण्यात कसे कालवायचे, हे सांगितले असते, तर डब्याची फसवणूक इतकी वर्षे चालली नसती.

त्याच ऑक्टोबर महिन्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून आलेल्या बातमीने देश हादरला. डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले खोकल्याचे औषध पिऊन लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि वीसच्या आसपास मुले दगावली. विष मिसळणे हा कारखान्याचा अपराध आणि ते न पकडणे हा तपासणी यंत्रणेचा. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण एक प्रश्न मागे उरतो. साध्या सर्दी-खोकल्यात लहान मुलांना अशी औषधे द्यावीत याला पुरावा कुठे होता? दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने या मृत्यूंनंतर काढली. त्या सूचनेमागचे ज्ञान जुनेच होते. अनावश्यक औषध शुद्ध असले तरी ते अनावश्यकच; आणि अशुद्ध निघाले, तर त्याची किंमत मूल मोजते. ‘आईबापांनाच काहीतरी बाटली हवी असते’ ही सबब इथेही दिली जाते. इथेही कोणी विचारले होते का?

सर्दीला प्रतिजैविक, तापाला इंजेक्शन, अशक्तपणाला सलाइन: फॅमिली डॉक्टरच्या दिवसाचा मोठा भाग अशाच साध्या तक्रारींनी व्यापलेला असतो. यांतल्या प्रत्येक ठिकाणी रुग्णाची इच्छा नेमकी काय असते, हे जुलाबांइतक्या काटेकोरपणे मोजले गेलेले नाही. ते मोजले जायला हवे. कदाचित काही ठिकाणी रुग्णाला खरेच इंजेक्शन हवे असेल. पण मग समजावणे हे डॉक्टरचे काम ठरते. मागितले ते दिले, हा दुकानदाराचा बचाव आहे; वैद्यकाला तो शोभत नाही.

सरकारी पातळीवर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१४ पासून अतिसार नियंत्रणाचे पंधरवडे झाले, २०२४ मध्ये दोन महिन्यांचे ‘स्टॉप डायरिया’ अभियान झाले, घरोघर ओआरएस आणि जस्त वाटण्यात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६०.६ टक्के झाले, जस्ताचे २०.३ वरून ३०.५ वर आले. सुधारणा खरी आहे. तरी दहातल्या चार मुलांना ओआरएस आणि दहातल्या सात मुलांना जस्त मिळाले नाही. जगात पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले दरवर्षी अतिसाराने दगावतात. आणि भारतातली असंख्य कुटुंबे जुलाब झालेल्या मुलाला आधी ज्या खासगी दवाखान्यात नेतात, तेथपर्यंत अभियानाचा फलक पोहोचत नाही.

तिथे पोहोचायचे तर कुटुंबवैद्यक ही स्वतंत्र विद्या मानावी लागेल. २००२ आणि २०१७ या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांत तिचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात पदव्युत्तर शिक्षणाचे आकर्षण हृदय, मेंदू, क्ष-किरण यांकडे. साध्या तापाचा, जुलाबाचा, खोकल्याचा डॉक्टर म्हणजे ज्याला पुढची जागा मिळाली नाही तो, अशी समजूत. विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात शिकतो. तेथे येणारे मूल अत्यवस्थ असते आणि त्याला सलाइन लावणेच योग्य असते. तोच विद्यार्थी पुढे गल्लीत दवाखाना थाटतो. तेथे येणाऱ्या बहुतेक मुलांना सलाइनची गरज नसते. पण हाताला सवय रुग्णालयाची लागलेली असते.

शेजारच्या बांगलादेशाने दाखवलेला मार्ग या संदर्भात विसरता येत नाही. १९८० ते १९९० या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या महिला कार्यकर्त्यांनी सुमारे १ कोटी २० लाख घरांत जाऊन आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण स्वतःच्या हाताने करायला शिकवले. त्यांचे मानधन किती घरे केली यावर नव्हते. नंतर जाऊन तपासल्यावर आईला किती आठवते, यावर होते. विचारणे, शिकवणे आणि पुन्हा विचारून पाहणे, एवढीच ती पद्धत होती.

भारतात करायच्या गोष्टी त्याहून अवघड नाहीत. वैद्यकीय शिक्षणाच्या अंतिम परीक्षेत आणि नोंदणी-नूतनीकरणासाठीच्या प्रशिक्षणात प्रशिक्षित अभिनेता-रुग्ण आणावा. जुलाब झालेल्या मुलाचा बाप होऊन तो समोर बसू दे आणि चिठ्ठीवर काय उतरते ते गुणपत्रिकेत दिसू दे. औषधाच्या दुकानांत ओआरएस आणि जस्त यांची एकत्र पाकिटे दर्शनी ठेवणे सक्तीचे करावे. खासगी व्यवसायींना त्यांच्याच गावातल्या आईबापांना काय हवे आहे, याची पाहणी करून ती त्यांच्यासमोर ठेवावी. अफवेवर उतारा माहितीचाच. आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कुटुंबवैद्यकाचा खराखुरा विभाग असावा, जिथे साधा आजार साधेपणाने बरा करणे हे कौशल्य म्हणून शिकवले जाईल.

‘मग आईबापांनीच ओआरएस मागावे’ असा सोपा निष्कर्ष या प्रयोगातून काहीजण काढतील. मागावे, जरूर मागावे. तो प्रश्न फुकट आहे आणि त्याने प्राण वाचू शकतो. पण ज्याने साडेपाच वर्षे शरीरशास्त्र शिकले त्याने योग्य औषध लिहावे, म्हणून न शिकलेल्या आईने भ्रमणध्वनीवर चित्र घेऊन जावे, ही अपेक्षा उफराटी आहे. ज्ञान असलेल्यानेच आधी बोलायचे असते.

बनगावात महालनबिस यांच्यासमोर शेकडो निर्वासित होते. सलाइन नव्हते, मनुष्यबळ नव्हते, पुढचा आठवडा कसा जाईल याची खात्री नव्हती. त्यांनी पेला नातेवाइकांच्या हाती दिला आणि लोकांनी तो घेतला. ‘हे लोक मीठ-साखरेचे पाणी पिणार नाहीत’ असे गृहीत धरायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. आजच्या दवाखान्यात पाकीट आहे, पाणी आहे, पन्नास वर्षांचा पुरावा आहे. चिठ्ठी लिहिण्याआधी समोरच्या आईला “ओआरएस द्यायचे आहे, चालेल ना?” एवढे विचारायचे राहिले आहे.